लिलाव कसला, स्थळं बघणं आहे ते

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक मजकूर आता तिसऱ्यांदा फिरून आला. सारांश असा: “अमेरिकेतली कॉलेज फुटबॉलची भरती म्हणजे आता आयपीएलचा लिलाव. २०२१ पर्यंत सगळं सचोटीचं होतं, मग पैसा आला. पोरं मोठा चेक देणाऱ्याकडे जातात, पंचतारांकित पोरं विकत घेतली की ट्रॉफी तुमची, आणि कोचचे घरोघरी दौरे हा निव्वळ देखावा.” खाली हात जोडल्याची चार चिन्हं.

फुटबॉल म्हणजे इथे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. भरती म्हणजे विद्यापीठांनी हायस्कूलची पोरं आपल्या संघात ओढणं, आणि पंचतारांकित म्हणजे मानांकनात पाच तारे मिळालेली. हा खेळ बरीच वर्षं बघतोय, म्हणून एकेक वाक्य घेतो.

“२०२१ पर्यंत सचोटी.” हे वाचून टेक्सासमधला कुणीही म्हातारा पोट धरून हसेल. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा अख्खा हंगाम एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, रद्द केला. कारण, हितचिंतकांच्या निधीतून १३ खेळाडूंना सुमारे ६१ हजार डॉलर गुपचूप पोचवले होते. पुढे खुद्द टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमंट्स यांनी कबूल केलं, की विद्यापीठाच्या नियामक मंडळावर असताना हे हप्ते चालू ठेवायला आपण मान्यता दिली होती. का, तर मुलांना शब्द दिलेला होता! तो संघ असा मोडला, की पुढचा बाउल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, खेळायला २००९ उजाडलं. टेनेसी विद्यापीठाचं प्रकरण तर ताजं आहे. कोविडमध्ये मुलांना भेटायलाच बंदी होती, त्या काळातसुद्धा तिथे भेटीगाठी आणि पैसे चालू होते. २०२३ मध्ये ८० लाख डॉलरहून जास्त दंड बसला. २०२१ च्या जुलैत एवढंच झालं, की स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची खेळाडूंना मुभा मिळाली. टेबलाखालचं टेबलावर आलं.

आता लिलाव. मजकुराचा सगळा डोलारा या एका शब्दावर उभा आहे, आणि तोच चुकीचा आहे.

लिलावात खेळाडूला कुणी विचारत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाहमध्ये ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली आणि तो लखनौचा झाला. त्याला लखनौ आवडतं का, हा प्रश्नच नव्हता. इथे उलटं आहे. सतरा वर्षांचा मुलगा हो म्हणेपर्यंत दारात दहा-वीस विद्यापीठं ताटकळत असतात. आपल्याकडची लग्नं आठवा, म्हणजे लगेच समजेल. मध्यस्थ असतात, बघण्याचे कार्यक्रम होतात, देण्याघेण्याची बोलणी होतात. मुलगा तोंडी होकार देतो तो साखरपुडा. बंधन काहीच नाही, आणि मोडणारे दर हंगामात मोडतात. सही झाली की लग्न लागलं. अलीकडे सहीनंतरही बदलीची वाट मोकळी आहे, पण तो काडीमोडाचा भाग झाला.

देणंघेणं आहेच, नाही कोण म्हणतंय? २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठं थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ब्राइस अंडरवूड या खेळाडूने २०२४ च्या नोव्हेंबरात लुइझियाना स्टेटचा (एलएसयू) साखरपुडा मोडून मिशिगनला होकार दिला, तेव्हा ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांचं नाव त्या व्यवहारात उघड आलं. तिथे पैसा बोलला, मान्य. पण मुलाचं घरही मिशिगनच्या मैदानापासून अर्ध्या तासावर, हे मजकूरवाले सांगत नाहीत.

आणि पैसा बोलतो म्हणजे पाळतोच असं नाही. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) फ्लोरिडाच्या हितचिंतकांच्या मंडळाकडून १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार मिळाला होता. तो करार रद्द झाला, मुलाने जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठाकडे सुटका मागितली, २०२४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. लिलावात हातोडा पडल्यावर असं होत नाही.

उलटी उदाहरणंही घ्या. २०२१ च्या डिसेंबरात देशात पहिल्या क्रमांकाचा मानला गेलेला ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेटला जाणार, हे जवळजवळ दोन वर्षं ठरलेलं होतं. सहीच्या दिवशी त्याने टोपी घातली ती मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटची. कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक कॉलेज, खालची श्रेणी. तिथे कोच होते डियॉन सँडर्स, आणि हंटर खेळतो त्याच जागी खेळून त्यांनी नाव कमावलेलं. मोठ्या पैशाच्या वावड्या उठल्या, दोघांनीही त्या नाकारल्या. चेंडू घेऊन धावणाऱ्या ॲश्टन जेंटीला बॉइझी स्टेट विद्यापीठ सोडायला जास्त पैसे देऊ करणारे होते. तो राहिला, आणि २०२४ च्या हंगामात २,६०१ यार्ड धावला. ही पोरं विकली गेली म्हणणाऱ्याने निदान भाव तरी सांगावा.

तिसरं, “पंचतारांकित पोरं म्हणजे ट्रॉफी.” हे फार लांबवत नाही. टेक्सास ए अँड एमने २०२२ मध्ये मानांकनांच्या इतिहासातली सर्वांत वरची तुकडी गोळा केली. अलाबामाचे कोच निक सेबन जाहीरपणे म्हणाले, की ए अँड एमने एकूण एक खेळाडू विकत घेतलाय. त्यावर ए अँड एमचे कोच जिंबो फिशर यांनी पत्रकार परिषद घेऊन सेबनना यथेच्छ सुनावलं. हंगामाचा निकाल? ५ जिंकले, ७ हरले. पुढच्या वर्षी फिशर यांना घरी पाठवताना साडेसात कोटी डॉलरहून जास्त मोजायची पाळी आली. उलट इंडियाना, पराभवांच्या इतिहासासाठीच ओळखलं जाणारं विद्यापीठ. २०२३ मध्ये ३ विजय. मग कोच म्हणून कर्ट सिग्नेटी आले आणि आधीच्या छोट्या विद्यापीठातली १३ मुलं सोबत घेऊन आले. २०२५ च्या हंगामात सोळापैकी सोळा सामने आणि राष्ट्रीय विजेतेपद. त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोसा शाळेतून बाहेर पडताना येलला, म्हणजे फुटबॉलपेक्षा अभ्यासासाठी नावाजलेल्या विद्यापीठात, जायचं ठरवून बसला होता! इंडियानाकडेही पैसा आहे, अब्जाधीश मार्क क्यूबन तिथलेच माजी विद्यार्थी आणि त्यांनी हात सैल सोडलाय. पण तो पैसा त्यांनी तारे मोजून उधळला नाही.

राहिला “देखावा”. खरी गंमत इथेच आहे.

वसंतातल्या सरावाला कधी एखाद्या हायस्कूलच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहा. विद्यापीठाच्या चिन्हाचा शर्ट घातलेला साहाय्यक कोच तिथे दोन-दोन तास उभा असतो. मुलाशी गप्पा मारायची परवानगी नाही. फार तर रामराम. त्याने एवढंच करायचं, की आपण आलोय हे मुलाला दिसू द्यायचं. शेजारी दुसऱ्या विद्यापीठाचा शर्ट, पलीकडे तिसऱ्याचा. मुलगा समोरच्याला अडवता अडवता तिरक्या नजरेने शर्ट मोजतो. पावसाळ्यात छत्री घेऊन बसस्टॉपवर उभ्या राहिलेल्या उमेदवारासारखं आहे ते, फक्त उमेदवार चाळिशीचा आणि पगारदार.

मग पत्रं. अलाबामाने ॲल्विन कमारा या खेळाडूला एका दिवसात शंभरावर पत्रं पाठवली होती. २०१६ च्या जानेवारीत मिशिगनचे कोच जिम हारबॉ क्विन नॉर्डिन या किकरच्या (चेंडूला फक्त लाथ मारणाऱ्या खेळाडूच्या) घरी चक्क मुक्कामाला गेले. भेटीची मुदत मध्यरात्री सुरू होत होती, मग ती वाया कशाला घालवा? मुलगा मिशिगनला गेला. किकर हो, किकर! ज्याला संघात कुणी एरवी नावाने हाक मारत नाही.

एवढं सगळं का करतात, तर सही मुलाची असली तरी घर समजूत घालून जिंकावं लागतं. जानेवारी २०१२ मध्ये लँडन कॉलिन्स या बचावपटूने थेट प्रक्षेपणात निवड जाहीर केली. लुइझियानाचा मुलगा, नाव घेतलं अलाबामाचं. शेजारी बसलेल्या आईने तिथल्या तिथे मान हलवली, आणि माइक पुढे आल्यावर अख्ख्या देशादेखत एलएसयूचाच जयजयकार केला. मुलगा कसनुसं हसत टोपी सारखी करत राहिला. तो अलाबामालाच गेला.