इकॉनॉमिक्सची डिग्री वाया जाते म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

"लिबरल आर्ट्समधून इकॉनॉमिक्स म्हणजे चार वर्षं पाण्यात" असा एक मेसेज फिरतोय (लिबरल आर्ट्स म्हणजे मुख्य विषयासोबत इतिहास, तत्त्वज्ञान वगैरेही शिकवणारी डिग्री). फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला, पण काल भाचीचा फोन, मावशी मी चुकीचं घेतलंय का म्हणून, आणि माझं डोकंच फिरलं. नुकती ॲडमिशन झालेल्या पोरीला असलं काही पाठवताना लोक दोन मिनिटं विचार का करत नाहीत? तर आता एकेक मुद्दा घेतेच.

१) "शेअर बाजारातलं काही कळत नाही." नाही कळत, कारण ते शिकवणं हा या डिग्रीचा हेतूच नाही. ते हवं असेल तर फायनान्सला जा.

२) "२००८ ची मंदी यांना आधी सांगता आली नाही." बहुतेकांना नाही आली, मान्य. रघुराम राजन यांनी २००५ मध्येच अमेरिकेत जॅक्सन होलला भरणाऱ्या मध्यवर्ती बँकांच्या परिषदेत धोका सांगितला होता, तेव्हा तिथेच त्यांच्यावर टीका झाली. पण बीएच्या पोरांनी मंदीची तारीख सांगावी ही अपेक्षा कुठून आली?

३) "इतिहास, तत्त्वज्ञान, निबंध यात वेळ घालवतात. ग्राफ आणि गणित शिकवा बास, तेही व्हिडिओवर फुकट मिळतं." खरा राग याचा आहे, कारण हे वाचून मुलं नेमके हेच विषय टाळतात.

किमान वेतनाचं बघा. पहिल्या वर्षाचा ग्राफ म्हणतो की वेतन बाजारभावाच्या वर नेलं की नोकऱ्या कमी होणार. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ वर नेलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात होतं तेच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्टफूड दुकानं घेतली, वाढीच्या आधी आणि नंतर तिथे किती माणसं कामाला आहेत ते विचारलं, आणि न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं दिसलंच नाही. १९९४ चा हा पेपर, कार्डना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. पण गोष्ट तिथे संपत नाही, न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी दुकानांच्या पगाराच्या नोंदी काढून उलटा निष्कर्ष मांडला, मग कार्ड-क्रूगरनी सरकारी आकडे घेऊन परत उत्तर दिलं.

आता ग्राफ पाठ असलेला मुलगा इथे काय करणार? विचारून मिळालेली माहिती धरायची की पगाराच्या नोंदी, शेजारच्या राज्याशी तुलना बरोबर आहे का, हे त्याला स्वतः ठरवता आलं पाहिजे. आणि समजा आकडे पक्के झाले, थोड्यांची नोकरी जाते आणि पुष्कळांचा पगार वाढतो असं निघालं, तर वाढ करावी की नाही? याचं उत्तर कुठल्याच ग्राफमध्ये नाही, त्यासाठीच तत्त्वज्ञान. हा कायदा मुळात का आला यासाठी इतिहास. आणि हे सगळं इकॉनॉमिक्स न शिकलेल्या माणसाला चार पानांत समजेल असं लिहिता येणं, त्यासाठी ते निबंध. डिग्रीचा हेतू म्हणतात तो हाच. इकॉनॉमिक्सचा पाया घालणारे ॲडम स्मिथ ग्लासगोत नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते, हे तरी माहीत करून घ्यायचं.

४) "नोकरी मिळत नाही." सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात इकॉनॉमिक्स मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषय म्हणून घ्यायला, सुरुवातीच्या कोर्समध्ये २.८ जीपीए (गुणांची सरासरी, ४ पैकी) लागायचा. ब्लीमर आणि मेहता या संशोधकांनी त्या रेषेच्या जरा वरची आणि जरा खालची मुलं ताडून पाहिली, म्हणजे हुशारीने जवळपास सारखीच. इकॉनॉमिक्स मिळालेल्यांची करिअरच्या सुरुवातीची कमाई वर्षाला साधारण २२,००० डॉलरने, म्हणजे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. एकाच विद्यापीठाचा अभ्यास आहे, सगळीकडे एवढाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही, पण मेसेजवाल्याकडे तर एकही आकडा नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. काही ठिकाणी खरंच नुसत्या आकृत्या पाठ करून पेपर सुटतो, आणि तिथे शिकलेल्यांचा वैताग खोटा नाही. म्हणून भाचीला सांगितलं, मेसेज सोड आणि सिलॅबस उघड, शेवटच्या वर्षी स्वतः डेटा घेऊन पेपर लिहायला लावतात का आणि लिहिलेलं कोणी वाचून परत देतं का, एवढं बघ.