शिकागो म्हणजे नुसतं डीप डिश नव्हे
शिकागोच्या पिझ्झ्यावरच्या एका लेखात फक्त डीप डिशचं कौतुक केलंय, ते काही पटलं नाही. १९४३ साली 'पिझ्झेरिया उनो'त सुरू झालेला तो जाडजूड प्रकार, खाली चीज नि वर टोमॅटो, आम्ही शिकागोकर पाहुणे आले की खाऊ घालतो. ऑर्डर देऊन पाऊण तास बसा ताटकळत! रोजचा म्हणाल तर टॅव्हर्न स्टाइल. पापडासारखा कुरकुरीत, नि वड्या पाडाव्यात तसे चौकोनी तुकडे. त्यासाठी शहराच्या दक्षिणेकडच्या 'व्हिटो अँड निक्स' पिझ्झेरियात जा. वर जार्डिनेरा हवाच. तेलात मुरलेल्या मिरच्या-भाज्यांचं लोणचंच ते. कोपऱ्यातले छोटे तुकडे कोणी पळवायचे, यावरून आमच्या घरी दर शुक्रवारी भांडण ठरलेलं.