एका रॉ फाइलमधून एचडीआर : खुलासा
एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद अशा दोन्ही भागांतला तपशील दाखवणारा फोटो; रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने (प्रकाश टिपणाऱ्या भागाने) केलेली मूळ, प्रक्रिया न झालेली नोंद. ‘एकाच रॉ फाइलच्या गडद, मध्यम आणि उजळ अशा तीन प्रती काढून जोडल्या, की ट्रायपॉडवर तीन वेगळे फोटो घ्यायची गरज नाही’, हा सध्या फिरणारा सल्ला चुकीचा आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्यास्त टिपताना सूर्याभोवतीचे आकाश सेन्सरवर एकदा पांढरेफटक झाले, की तिथल्या ढगांची नोंदच झालेली नसते. नंतर फाइल कितीही गडद केली, तरी तिथे राखाडी डागच उमटतो. दरीतली सावली उजळता येते खरी, पण ती दाणेदार होते. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अंतराने घेतलेल्या तीन फोटोंत मात्र सेन्सरवर दर वेळी वेगळ्या प्रमाणात प्रकाश पडतो, म्हणून ढग आणि कातळ दोन्ही तपशिलासह उतरतात. वाऱ्याने गवत हलत असेल, तर ते तीन फोटोंत वेगवेगळ्या जागी येते; तेव्हा मात्र एकच रॉ फाइल बरी.