पुरस्कार सोहळा भरवताय? मग हे वाचाच

नाशकात कलावंतांसाठी पुरस्कार सोहळा भरवायचं मनात आहे? छान! परवाच्या रविवारी अशाच एका सोहळ्याला मी साडेचार तास बसून आलो. मांडीला मुंग्या आल्या, पण ज्ञान भरपूर मिळालं. तेच वाटून टाकतो, फुकट.

आधी नाव ठरवा. त्यात 'फाळके' हवंच. केंद्र सरकार १९६९ सालापासून देतं तो दादासाहेब फाळके पुरस्कार वेगळा, हे कुणाला सांगत बसू नका. पुढेमागे 'रत्न', 'आयकॉन' असलं काहीतरी डकवा. अभिनंदनाचे फोन करणाऱ्या नातेवाइकांना फरक कळत नाही. शिवाय दादासाहेब त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ साली नाशकातच गेले. म्हणजे घरचाच माणूस, विचारायचं कुणाला? पांडवलेण्याच्या पायथ्याच्या त्यांच्या स्मारकात मात्र जायलाच हवं असं काही नाही.

विभाग सढळ हातानं ठेवा. चित्रपट, मालिका, नाटक, आणि प्रत्येकात प्रमुख, सहायक, खलनायक, विनोदी, लक्षवेधी, उदयोन्मुख. फाळक्यांच्या काळी ही सोय असती तर अण्णा साळुंक्यांचं कल्याण झालं असतं. उपाहारगृहातला हा माणूस. बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या म्हणून १९१३ साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाला, आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही. म्हणजे उत्कृष्ट अभिनेता, उत्कृष्ट अभिनेत्री आणि वर उत्कृष्ट जोडी. तीन स्मृतिचिन्हं, पंधरा पास!

हो, पास. 'शुल्क' म्हणू नका, वाईट दिसतं. 'मानकऱ्यांनी किमान पाच पास घ्यावेत ही नम्र विनंती' असं म्हणा.

परीक्षक नेमू नका. ते नाटक बघायला मागतात.

मालिकेतला एक ताजा चेहरा मात्र हवाच. काम कसं करतो ते सोडा, शूटिंगला सुट्टी कधी ते विचारा. रविवार मोकळा निघाला की त्याला कशाबद्दल पुरस्कार द्यायचा ते शनिवारी ठरवता येतं.

खऱ्या पुरस्कारांच्या नादी लागू नका. तिथे फार वेळ जातो. विक्रम गोखल्यांनी रंगभूमी, दूरदर्शन, सिनेमा सगळं पालथं घातलं, तेव्हा कुठे २०१३ मध्ये अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार हाती आला. तोही इरफान खानबरोबर विभागून. अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण जाहीर झाला २०२४ च्या जानेवारीत, पद्मश्री २०२५ मध्ये. एवढं कोण थांबणार? तुमच्याकडे अडीच हजारांत त्याच आठवड्यात काम होतं.

आता मुख्य मुद्दा, वेळ. पत्रिकेवर साडेपाच छापा आणि आठला सुरू करा. मधल्या काळात दर वीस मिनिटांनी माइकवरून सांगा, 'पाहुणे कसारा घाटात आहेत, वीस मिनिटांत पोहोचतायत.' पुढाऱ्यांसाठी 'द्वारका चौकात अडकलेत' हे कायमचं लिहून ठेवा. पाहुणे आले की दीपप्रज्वलन. पंखा चालूच ठेवायचा, म्हणजे समई चारदा विझते आणि फोटोही चार निघतात. मग सोफ्यावरच्या अकरा जणांचे सत्कार. हे पुरस्काराचे मानकरी नव्हेत बरं, हे नुसतेच सोफ्यावरचे. त्यातल्या तिघांनी 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणत पंधरा-पंधरा मिनिटं घ्यायची. मग मालिकेतले साहेब. 'नाशिककर, आवाज येऊ द्या!' आम्ही दिला आवाज. त्यांनी दोन गाणी म्हटली, मिसळीची आठवण काढली, पंचवीस मिनिटं.

आणि मग, साडेनऊला, 'वेळेअभावी' बारा कलावंत एकदम मंचावर.

त्या बारांत आमचे काका होते. आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये त्यांना सगळेच काका म्हणतात. चाळीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत उभे राहिलेला माणूस. दिवसभर नोकरी आणि रात्री तालीम. अभिनयाची दोन रौप्यपदकं घरच्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. एका मालिकेत तीन भागांपुरते न्यायाधीश, एका सिनेमात पोस्टमन. म्हणून 'तिन्ही माध्यमांतील योगदान'. पाच पास त्यांनीही घेतले. त्यातल्या एकावर मी बसलो होतो.

निवेदिकेनं वाचलं, 'अष्टपैलू अभिनेत्री...' आधीच्या कुणाचं तरी मानपत्र तसंच पुढे ओढलेलं. सभागृह हसलं. काकाही हसले, कारण मंचावर कसं उभं राहायचं ते त्यांना येतं. हातात स्मृतिचिन्ह दिलं, फोटो काढला आणि लगेच काढून घेतलं. 'काका, हे फोटोपुरतं. तुमचं मागे टेबलावर आहे.' टेबलावरच्या त्या अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर काकांच्या नावाचं स्टिकर, तेही आडनाव चुकलेलं. रिक्षात बसल्यावर त्यांनी नखानं कोपरा उचलला. खाली दुसरं स्टिकर होतं : 'उत्कृष्ट वेशभूषा, २०२२'.

काकांच्या खिशात बीपीच्या गोळ्यांचं बिल होतं. मागच्या कोऱ्या बाजूला भाषणाच्या चार ओळी लिहिलेल्या. दिग्दर्शकाचं नाव, काकूंचं नाव, चहा आणून देणाऱ्या पोराचं नाव. एक मिनिट लागलं असतं. एक!

अरे, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? माणूस पुरस्कार मागायला आला होता का तुमच्या दारात? तुम्हीच फोन केलात, तुम्हीच पैसे घेतलेत आणि त्याच्या चाळीस वर्षांना अकरा सेकंद दिलेत. तुम्हाला कलावंत नको असतो, पुढाऱ्याशेजारी उभं राहून फोटो काढायला निमित्त हवं असतं. याच गावात कुसुमाग्रजांच्या नावाची संस्था एक वर्षाआड गोदावरी गौरव पुरस्कार देते. बघा जरा जाऊन, मानकऱ्याला कसं वागवतात ते.

आणि काकांच्या फोटोखाली टाळ्यांचे इमोजी टाकणारे आपण दोनशे जण! साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू असते, चहा-वड्याच्या पैशांत तिकीट मिळतं, तेव्हा कुठे असतो? काका मागच्या खेपेला नाटकातल्या भूमिकेत अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर पडले, कोसळले, मेले. आम्ही ते विंगेतून पाहिलं. तुम्ही नव्हतात.

आयोजकांनो, पुढच्या वर्षी मला फोन करू नका. काकांना तर मुळीच करू नका. त्यांच्या पाच पासांचे अडीच हजार तेवढे परत द्या.