‘मला चढलेली नाही’ हे ठरवायचे कोणी?

आषाढ संपत आला, गटारी तोंडावर आली की एक संदेश फिरू लागतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तोच पुन्हा येतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. त्यांतले एक ठिकाण म्हणजे आमच्या नात्यातल्या विशी-पंचविशीच्या मुलांचा गट, म्हणून हे लिहायला बसले. ‘आपली लिमिट आपणच ओळखा’ असे त्या संदेशाचे नाव असून त्यातले म्हणणे थोडक्यात असे आहे: जोवर नीट बोलता येते, सरळ चालता येते आणि मोबाइलचे लॉक पहिल्या प्रयत्नात उघडते तोवर जास्त झालेली नसते, बिअर दारूत धरायची नसते, ज्याची कपॅसिटी मोठी त्याला भीती नाही, जास्त झालीच तर काळी कॉफी, लिंबूपाणी आणि गार पाण्याची आंघोळ यांनी माणूस तासाभरात ताळ्यावर येतो, आणि कोणी आडवा झालाच तर त्याला झोपू द्यावे, सकाळपर्यंत उतरते.

संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. आपल्या माणसांनी सांभाळून प्यावी असेच त्याला वाटत असणार. पण मी गेली एकोणीस वर्षे महामार्गालगतच्या एका रुग्णालयात अपघात विभागाची परिचारिका आहे आणि या पाचही वाक्यांवर विसंबलेली माणसे मी खाटेवर पाहिली आहेत. प्यावी की पिऊ नये हा वाद मला येथे घालायचा नाही. प्यालेल्या माणसाला आपली किती झाली आहे हे कसे कळावे, एवढाच प्रश्न आहे.

पहिला दावा बोलण्याचालण्याचा. दारू मेंदूवर उतरते तेव्हा ती पायांपासून सुरुवात करत नाही. सर्वांत आधी सैल पडतो तो मेंदूचा पुढचा भाग, जो तारतम्य ठेवतो, धोका जोखतो आणि ‘आता पुरे’ असे सांगतो. जीभ जड होणे आणि तोल जाणे या त्यानंतरच्या गोष्टी आहेत. म्हणजे ज्या तराजूत आपण स्वतःला तोलायला निघतो, त्याच तराजूचा काटा पहिल्या दोन पेगांत सरकलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे, आणि या पातळीला बहुतेकांची चाल डगमगत नाही, बोलणेही अडखळत नाही. कायद्याने चालण्याऐवजी रक्त मोजायचे ठरवले, त्यामागे हेच कारण आहे.

एका रात्री पोलिसांनी रक्ततपासणीसाठी आणलेला एक गृहस्थ मला अजून आठवतो. इस्त्रीचा शर्ट, शब्द स्पष्ट, डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला नेमके उत्तर. अशा तपासणीचे रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नसते, कारण तेच स्पिरिट नमुन्यात मिसळू शकते; म्हणून मी साध्या निर्जंतुक पाण्याचा बोळा पुढे केला. ते त्याच्या लगेच लक्षात आले. “सिस्टर, स्पिरिट राहिलं लावायचं,” असे त्याने मला टोकले. त्याच्या श्वासचाचणीच्या कागदावर आकडा होता ११२, म्हणजे मर्यादेच्या पावणेचार पट. दंडावरचा कापूस दाबून तो हवालदाराशी बोलत बोलत दाराकडे निघाला आणि उजवीकडून येणारी भरलेली ट्रॉली त्याला दिसलीच नाही. वॉर्डबॉयने दंड धरून मागे ओढले म्हणून निभावले. एका वेळी एकच गोष्ट करायची होती तोवर तो आमच्याइतकाच चोख होता. दोन गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याची वेळ आली आणि त्याची एक बाजू पुसली गेली. गाडी चालवणे म्हणजे आरसा, गिअर, समोरचा ट्रक आणि कडेने येणारी दुचाकी अशा चार-पाच गोष्टी एकाच वेळी सांभाळणे असते. मोबाइलचे लॉक उघडणे ही तर वर्षानुवर्षांची बोटांची सवय आहे. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

याच्याच जोडीला आणखी एक फसगत आहे. एडवर्ड मेलनबी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१९ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून असे दाखवून दिले की, रक्तातली पातळी चढत असताना जितका अंमल दिसतो, तितका ती उतरत असताना त्याच पातळीला दिसत नाही. माणसाचेही तसेच आहे. अकरा वाजता ‘जरा चढली आहे’ म्हणणारा माणूस एक वाजता ‘आता मी एकदम ठीक आहे’ असे मनापासून म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्याचे रक्त तेवढे उतरलेले नसते, मेंदू तेवढा सरावलेला असतो. नेमके याच वेळी किल्ली हातात घेतली जाते.

बिअरचा दावा साध्या गुणाकाराने निकालात निघतो. ६५० मिलिलिटरच्या बाटलीवर आठ टक्के लिहिलेले असेल, तर तीत ५२ मिलिलिटर म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेले असते, त्या हिशेबाने ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम भरते. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली ही दोन लार्ज पेगांइतकी झाली. सत्तर किलोच्या पुरुषाने ती रिकाम्या पोटी भराभर संपवली, तर ढोबळ गणिताने त्याच्या रक्तातली पातळी ऐंशीच्या आसपास जाऊ शकते. तितक्याच वजनाच्या स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तिची पातळी त्याहून वर जाते. मित्रांच्या बरोबरीने ग्लास भरून घेणाऱ्या मुलींना हे कोणीतरी आधी सांगायला हवे असते, पण सहसा कोणी सांगत नाही. घरच्या बैठकीत तर माप नावाची वस्तूच नसते. ग्लास रिकामा होण्याआधी वरून भरला जातो आणि ‘दोनच झाले’ म्हणणाऱ्याचे चार झालेले असतात.

कपॅसिटीच्या दाव्याबद्दल मला अधिक तळमळीने लिहावेसे वाटते, कारण हा शब्द आपल्याकडे कौतुकाने वापरला जातो. ‘अख्खी क्वार्टर रिचवतो, पण चेहऱ्यावर दिसत नाही’ असे सांगताना सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. वारंवार पिण्याने मेंदू दारूला सरावतो आणि झिंग उशिरा येते, हे खरे. पण १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमधले साठेक ग्रॅम अल्कोहोल त्याच्याही रक्तात उतरतेच. त्याची श्वासचाचणी आणि त्याचे यकृत त्या सरावाला काही सूट देत नाहीत. शिवाय झिंगेची सहनशक्ती जितकी वाढते, तितकी श्वास बंद पाडणाऱ्या मात्रेची वाढत नाही. म्हणजे ‘जास्त झाली’ ही जाणीव आणि खरा धोका यांच्यामधले अंतर अशा माणसात कमी झालेले असते, आणि तो स्वतःला सर्वांत सुरक्षित समजत असतो. पूर्वी दोन पेगांत व्हायचे त्याला आता चार लागतात, असे कोणी सांगितले तर डॉक्टर त्याची नोंद लक्षण म्हणून करतात. सकाळी हात थरथरतात आणि ‘उतारा’ म्हणून घेतलेल्या घोटाने ते थांबतात, एवढ्यापर्यंत गोष्ट आली असेल तर त्या माणसाने डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंदही करू नये, कारण त्यात झटके येऊ शकतात.

कॉफी-लिंबाच्या दाव्यात खऱ्याचा एक अंश आहे, तो आधी मान्य करते. पिण्याआधी पोटभर जेवलेले असेल तर दारू रक्तात सावकाश उतरते आणि तिचे शिखर खाली राहते. पण एकदा ती रक्तात उतरली की तिला बाहेर काढण्याचे जवळजवळ सगळे काम यकृत करते, आणि ते आपल्या गतीने करते: तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम, म्हणजे रक्तातल्या पातळीच्या हिशेबाने तासाला पंधराच्या आसपास. कॉफीने ही गती वाढत नाही. झोप तेवढी उडते आणि झोप उडालेला प्यालेला माणूस स्वतःला शुद्धीवर आलेला समजतो. गार पाण्याची आंघोळ तर करूच नये, कारण दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होऊन शरीराची ऊब आधीच निसटत असते, शिवाय न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर तोल जाऊन डोके फुटलेले रुग्ण आमच्याकडे येतात. घशात बोटे घालून उलटी काढणेही घातक आहे, कारण ग्लानीत असलेल्याची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. बडीशेप किंवा पान खाल्ल्याने तोंडाचा वास झाकला जातो एवढेच. श्वासचाचणीचे यंत्र फुप्फुसांच्या खोलातून येणारी हवा मोजते.

तासाला पंधरा हा वेग ध्यानात ठेवला की सकाळचेही गणित उलगडते. रात्री नऊला बसून एक वाजेपर्यंत पाच लार्ज घेणारा सत्तर किलोचा माणूस सकाळी आठला अंघोळ करून, चहा घेऊन दुचाकीवर बसतो, तेव्हाही त्याच्या रक्तात कायद्याच्या मर्यादेहून जास्त अल्कोहोल असू शकते. प्रत्येकाचे शरीर वेगळे, आकडे थोडे पुढेमागे होतील. पण ‘झोप झाली, म्हणजे उतरली’ हा हिशेब कोणत्याच शरीराचा नाही. म्हणूनच मोजायचे ते पेग आणि तास, आणि तेही पहिला घोट घेण्याच्या आधी ठरवून. किती घ्यायची, किती वाजता थांबायचे आणि किल्ली कोणाकडे द्यायची हे शुद्धीत ठरवलेले असेल तरच ते पाळले जाण्याची शक्यता असते. न प्यालेला सोबती ‘बस कर’ म्हणाला, तर त्या रात्रीपुरते त्याचेच खरे मानावे.

शेवटचा दावा झोपू देण्याचा. एका गटारीच्या पहाटे पाचच्या सुमारास चार मुलांनी आपल्या मित्राला जीपमध्ये घालून आणले. तेविसाव्या वर्षात होता. ओठ निळसर, हातपाय गार, गालाला आणि केसांना सुकलेली उलटी. त्यांनी काळजी घेतली नव्हती असे नाही. उशी दिली होती, पांघरूण घातले होते, पंखा कमी केला होता. त्यांतला एक जण मला म्हणाला, “सिस्टर, दोनपर्यंत जोरजोरात घोरत होता, मग शांत झोपला.” त्या शांत होण्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण तो वाचला नाही.

माणूस आडवा झाला तेव्हा त्याच्या पोटातली सगळी दारू रक्तात उतरलेली असतेच असे नाही. शेवटचे दोन पेग झोपेतही वर चढत राहतात. म्हणून झोपलेल्याची अवस्था सुधारत जाईल असे धरून चालता येत नाही. हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या सांध्यांनी जोराने घासूनही जो डोळे उघडत नाही, तो झोपलेला नाही, बेशुद्ध आहे. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांची फट, निळे किंवा पांढुरके ओठ आणि नखे, गार व ओलसर कातडी, झटके, ग्लानीतच होणारी उलटी, यांतले एक जरी दिसले तरी वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत चालते. ती येईपर्यंत त्याला पाठीवर ठेवू नये. कुशीवर वळवावे, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवावा, तोंड जमिनीकडे कलते ठेवावे आणि एक माणूस सतत शेजारी बसावा. तो पडला होता का, झोपेची गोळी घेतो का, मधुमेह आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण दारूचा वास आला की डोक्याचा मार आणि उतरलेली साखर त्या वासाआड लपते. दारू कुठली होती हेही लपवू नये. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉलने दुसऱ्या दिवशी दिसेनासे होऊ लागते, आणि घरचे त्याला कालची न उतरलेली समजून बसू शकतात.

त्या पहाटे कागद पुरे होईपर्यंत चौघे बाहेरच्या बाकावर बसले होते. उजाडल्यावर त्यांतला घोरण्याचे सांगणारा आत आला आणि आम्हाला कसे कळायला हवे होते, असे त्याने विचारले. पलीकडच्या खाटेवर सलाईन लावलेले एक आजोबा झोपले होते. मी त्या मुलाचा तळहात त्यांच्या छातीवर हलकेच ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले आणि सेकंदकाटा एक फेरी पुरी करेपर्यंत मोजायला सांगितले. तो ओठ हलवत मोजत राहिला. सोळा भरले.