मियाटा विकली आणि चक्क मिनिव्हॅन घेतली

हो, मीच. मंडळाच्या पार्किंगमध्ये छप्पर उघडून येणारा आणि "हा अजून लहान आहे का?" असे टोमणे खाणारा. माझी २०१६ची माझ्दा मियाटा, म्हणजे दोन सीटांची छोटी स्पोर्ट्स कार, गेल्या महिन्यात विकली आणि दारात टोयोटा सिएना उभी केली. तेव्हापासून मित्र सांत्वनाला आल्यासारखे फोन करतायत. प्रत्येकाचं एकच, "अरे, निदान एखादी स्पोर्टी एसयूव्ही तरी घ्यायचीस!"

नेमकं तेच करायचं नव्हतं. स्पोर्ट्स कार सोडल्यावर अर्धी स्पोर्ट्स कार घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

आधी मियाटाबद्दल. ताकद म्हणाल तर १५५ हॉर्सपॉवर. इथे मिशिगनमधले पिकअपवाले हसतात. पण वजन जेमतेम १०६० किलो, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना आणि हातात सहा गिअरचा दांडा. माझ्दावाले याला 'जिनबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. जाहिरातबाजी वाटते ना? मलाही वाटायची. मग एका ऑक्टोबरात हार्बर स्प्रिंग्जहून क्रॉस व्हिलेजला एम-११९ या रस्त्याने गेलो. दोन्ही बाजूंनी झाडांची कमान, रस्त्याला मधली रेघसुद्धा नाही, वळणामागून वळण. वेग होता ताशी चाळीस मैलांच्या आत. बाबांच्या पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर टाकत पुण्यात गाडी शिकलो, त्यानंतर इतकी मजा तेव्हाच आली. हलक्या गाडीची गंमत हीच, पोलिसांना न बोलावता मजा येते.

मग आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. बायकोची गाडी दिवसभर तिच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. उरली माझी, दोन सीटांची. एकाला देवळात सोडायचं, परत यायचं, दुसऱ्याला न्यायचं. आईचे गुडघे दुखरे. ती म्हणायची, "बसताना पाटावर बसल्यासारखं वाटतं, पण उठवायला दोघं लागतात."

तर तीन एसयूव्ही चालवून बघितल्या. एका शोरूममधला पोरगा 'स्पोर्ट मोड'चं बटण असं दाबून दाखवत होता, जणू देवघरातला दिवाच लावतोय. पण उंच आणि दोन टनांची गाडी वळणावर कलणारच. ती कलू नये म्हणून स्प्रिंगा कडक करायच्या, वर ऐटीसाठी २१ इंची चाकं आणि पापडासारखे टायर. इथे हिवाळ्यात बर्फ गोठतो, वितळतो, रस्ता उखडतो. त्या खड्ड्यांत अशी गाडी म्हणजे पाठीला शिक्षा. इतकं करून वळणावर मियाटाच्या जवळपासही नाही. आईला चढायला वेगळी पायरी लागली ते निराळंच.

सिएना असलं काही सोंग आणत नाही. सरकतं दार बटणावर उघडतं, फ्लोअर खाली आहे, आई साडीत, कोणाचा हात न धरता आत जाऊन बसते. हायब्रिड असल्यामुळे एवढं धूड गॅलनला ३५ मैल देतं. गणपतीत मागची सीट खाली पाडून पथकाचे ढोल नेले. मियाटाच्या डिकीत ताशासुद्धा मारूनमुटकून बसायचा. चालवायला मजा? शून्य. तशी अपेक्षाच नाही, त्यामुळे चिडचिडही नाही.

एक कळत नाही. इथल्याच क्रायस्लरने १९८३च्या अखेरीस मिनिव्हॅन आणली, ती बनायची डेट्रॉइट नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरला. म्हणजे हा आपल्याच गावचा शोध. आणि याच डेट्रॉइटमध्ये माणसं मिनिव्हॅन घेतली हे सांगायला लाजतात!

बाबांना मात्र चुटपुट लागलीय. परवा म्हणाले, "त्या छोट्या गाडीत आळीपाळीने जायचो, तेव्हा निदान तू एकट्याशी बोलायचास." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुकाट्याने चहा टाकला.

असो. मियाटाचे १६ इंची विंटर टायर, रिमसकट, गॅरेजमध्ये पडून आहेत. घेणाऱ्याला नको होते. दोनच हिवाळे वापरलेत. नोव्हाय-ट्रॉयकडे कोणाला हवे असतील तर मेसेज करा. चार नटांची रिम आहे, व्हॅनला पाच लागतात. हो, लावून बघितलंय.