अलास्काचा आजचा भाव

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने आई-बाबांना काय काय दाखवायचं, ती यादी ठरलेली आहे. नायगारा, टाइम्स स्क्वेअर, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, आणि जमलंच तर वॉशिंग्टनचा चेरीचा बहर. आमच्या आई-बाबांचं हे सगळं मागेच उरकलं. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात अलास्काची क्रूझ ठरली: सिअॅटलहून निघायचं आणि केचिकान, जुनो, स्कॅगवे करत सात रात्रींनी पुन्हा सिअॅटल.

बायकोने बुकिंग वर्षभर आधीच करून टाकलं. ‘लवकर काढलं की स्वस्त पडतं’ हा संस्कार आपल्यावर रेल्वेच्या रिझर्व्हेशनने केलेला. पण क्रूझचा भाव म्हणजे मंडईतली मेथी. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, आणि आपण पिशवीत भरून चार पावलं गेलो की मागून ‘दहाला दोन’ ऐकू येतं.

फरक एवढाच की इथे मागे वळता येतं. साधारण ९० दिवस आधी फायनल पेमेंट असतं. त्याआधी भाव उतरला तर बऱ्याच कंपन्या तो आपल्याला लावून देतात. अर्थात मागितला तर. ‘अहो, तुमचे ऐंशी डॉलर आमच्याकडे जास्तीचे आलेत’ असा फोन आपणहून करणारी क्रूझ कंपनी अजून समुद्रात उतरायची आहे. म्हणजे भावावर कुणीतरी पहारा ठेवायला हवा. घरात रात्री कुलूप लावलंय का हे दोनदा तपासणारा मी एकटाच असल्यामुळे नेमणूक बिनविरोध झाली.

तेव्हापासून मी रोज सकाळी चहाआधी खोटा गिऱ्हाईक होतो. तीच बोट, तीच तारीख, तीच आतली बिनखिडकीची खोली, दोन माणसं. शेवटच्या पानापर्यंत जायचं, कर आणि बंदराचे पैसे धरून आकडा बघायचा, स्क्रीनशॉट काढायचा आणि कार्डाचा नंबर मागितला की पळून जायचं. पुण्याहून आईचा मेसेज आलेलाच असतो. ‘उतरला का रे?’ पूर्वी हा प्रश्न ती तापाबद्दल विचारायची.

आणि एके दिवशी उतरला. खोलीमागे ऐंशी डॉलर! मी फोन लावला. ऐकवलेलं संगीत तोंडपाठ झाल्यावर एक अत्यंत आनंदी बाई आली. तिने आधी माझं अभिनंदन केलं. मग म्हणाली, हा भाव नव्या योजनेतला आहे. तुमच्या जुन्या योजनेत खोलीमागे शंभर डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे बोटीवरच खर्चायचे पैसे, होतं, ते नव्यात नाही. शिवाय हा भाव नॉन-रिफंडेबल डिपॉझिटचा, बेत फिरला तर डिपॉझिट बुडालं. आणि खोलीचा नंबर आमच्या मर्जीने. करू का बदल?

म्हणजे ऐंशी वाचवायचे, शंभर सोडायचे आणि आईच्या गुडघ्यांसाठी भांडून मिळवलेली लिफ्टजवळची खोलीही द्यायची. मी तिला थांबवून घरच्यांना व्हिडिओ कॉल लावला.

‘रोख ते रोख,’ बाबा म्हणाले. ‘क्रेडिट म्हणजे उधारी.’

‘त्या शंभरात बोटीवर काय येतं?’ आईने विचारलं.

‘एखाददुसरा फोटो,’ बायको म्हणाली, ‘आणि थोडे घातले तर बाबांना मसाज.’

‘ह्यांना मसाज कशाला?’

पुढची चर्चा मसाजवरच झाली. तोवर ती आनंदी बाई निघून गेली होती. संध्याकाळी भाव पुन्हा चढला, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. स्वस्ताईने एवढा ताप होतो हे मला महागाईत वाढल्यामुळे माहीत नव्हतं.

मग कागदपत्रं. आमची बोट परतताना एका संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते. ‘अमेरिकेतून अमेरिकेतच जायचं तर मध्ये कॅनडा कशाला?’ हा बाबांचा प्रश्न रास्त होता. उत्तर १८८६ सालचं आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊ नयेत, असा तेव्हाचा कायदा. बहुतेक सगळ्या मोठ्या क्रूझ बोटी बहामा, पनामा असले झेंडे लावून फिरतात. म्हणून सिअॅटलहून सिअॅटलला येतानाही वाटेत एखाद्या परक्या देशाला पाय लावावा लागतो. २०२१ मध्ये कॅनडाने करोनामुळे बंदरं बंद ठेवली, तेव्हा अमेरिकन संसदेला अलास्कासाठी तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला होता.

तर त्या वाफेच्या बोटींच्या जमान्यातल्या कायद्यापायी आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा. आमचं ग्रीन कार्डावर भागतं, त्यांचं नाही. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, वर बोटांच्या ठशांचे ८५. ऐंशीसाठी मी पहाटे उठत होतो आणि इकडे हे असं चाललं होतं. ‘आम्ही उतरणारच नाही, खोलीत झोपून राहू,’ ही आईची तडजोड कॅनडाने मानली नाही.

त्यात बाबांचा पासपोर्ट प्रवासानंतर सहा महिने टिकत नव्हता. नवा काढला. अमेरिकेचा व्हिसा जुन्यातच, अजून चालू, म्हणून आता दोन्ही बाळगायचे. बाबांनी त्यांना एकत्र रबरबँड लावलाय, आणि तो ते कुणालाही काढू देत नाहीत.

फायनल पेमेंट झालं. त्याच आठवड्यात भाव खोलीमागे दोनशेने कोसळला. त्यात नवल काहीच नव्हतं. मी तरी फोन केला. पैसे परत मिळणार नाहीत, पण त्याच पैशात आई-बाबांना खिडकीची खोली देतो म्हणाले, लिफ्टजवळचीच. मी हो म्हटलं आणि मग बोटीचा नकाशा नीट पाहिला. खिडकीसमोर, काचेला जवळजवळ टेकून, लाइफबोट टांगलेली. हिमनद्या, देवमासे जे काय असेल ते तिच्या वरून डोकावून बघायचं.

घाबरत घाबरत बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा लावून नकाशा मोठा करून पाहिला.

‘उत्तम जागा आहे,’ ते म्हणाले. ‘हिच्या गुडघ्यांना ऐन वेळी पळापळ झेपायची नाही. फक्त त्या बाईला विचारून ठेव, त्या बोटीचा भाव यातच धरलाय ना?’